वेस गेली, रेषा राहिली

सुरतेच्या रिंगरोडवरून जाणारा माणूस एकामागून एक दरवाजे ओलांडत जातो. अठवा गेट, मजुरा गेट, उधना दरवाजा, मान दरवाजा, सहारा दरवाजा, दिल्ली गेट. रिक्षावाले ही नावे पुकारतात, बसच्या पाट्यांवर ती असतात, कापडबाजारातल्या पत्त्यांत ती असतात. त्या जागी मात्र ना कमान आहे ना फळ्या; उड्डाणपूल आहेत आणि साड्यांचे गठ्ठे वाहणारे टेम्पो आहेत. हीच नावे नकाशावर एकापुढे एक जोडली तर शहराभोवती एक कमान उमटते आणि तिची दोन्ही टोके तापीकडे वळतात. ही सुरतेची जुनी बाहेरची वेस. तिचे नाव आलमपनाह, म्हणजे जगाचा आसरा. तिच्या आत आणखी एक भिंत होती, तिचे नाव शहरपनाह. दोन्ही भिंती गेल्या, आणि तरीही सुरतकर रोज त्यांच्या बाजूनेच फिरतो, कारण रिंगरोड बऱ्याच अंशी त्या बाहेरच्या भिंतीच्याच मागावर गेला आहे. हा योगायोग नव्हे. गावाची सीमा आखणारा बांध, भिंत किंवा खंदक यांत खरा टिकाऊ ऐवज माती किंवा विटा नसतात. टिकते ती जमिनीवर ओढलेली रेषा. जपायची असते तीच. आपला वारशाचा विचार मात्र अजून दगडी कमानीशी अडून बसला आहे, आणि त्यामुळे मातीच्या सीमा आपल्या डोळ्यांदेखत, नोंदसुद्धा न होता, संपत चालल्या आहेत.

मराठी वाचकाला सुरतेची वेस परकी नाही. ५ ते १० जानेवारी १६६४ या दिवसांचा इतिहास आपण शाळेत शिकतो. शिवाजी महाराज सुरतेवर आले, तळ पडला तो शहराच्या पूर्वेला, बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेरच्या बागेत. मोगल अंमलदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला. इंग्रजांनी आणि डचांनी आपापल्या वखारी लढवल्या. वीरजी व्होरा आणि हाजी झाहिद बेग यांच्यासारख्या सावकारांच्या हवेल्या लुटल्या गेल्या. या सगळ्यात एक प्रश्न आपण फारसा विचारत नाही: त्या काळातल्या हिंदुस्थानातल्या सर्वांत श्रीमंत बंदराला वेस नव्हती का? होती, पण मातीची. दोन वर्षांनी, १६६६ मध्ये, फ्रेंच प्रवासी तेवनो सुरतेत आला, तेव्हाही त्याला दिसली ती बहुतेक ढासळलेली मातीची भिंत, आणि तिच्या जागी नुकतेच सुरू झालेले विटांचे काम. म्हणजे सुरतेच्या मातीच्या वेशीची विटांची वेस केली ती मराठ्यांच्या घोड्यांनी. आणि ऑक्टोबर १६७० मध्ये महाराज पुन्हा आले तेव्हा नव्या भिंतीनेही त्यांना अडवले नाही. त्यानंतरही अठराव्या शतकाच्या सुरुवातीला शहराने आणखी बाहेर, आणखी मोठी आलमपनाह उभारली.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. जी भिंत दोनदा निकामी ठरली तिचे कसले कौतुक? ज्या तटाने शत्रू अडला नाही त्या तटाच्या रेषेला वारसा म्हणायचे तर मग पडलेल्या प्रत्येक कुंपणाला म्हणावे लागेल. पण हा आक्षेप वेशीला फक्त लढाईचे साधन समजतो, आणि चूक तिथेच आहे. वेस वर्षातले काही दिवस शत्रूसाठी असते, बाकीचे सगळे दिवस ती जकातीसाठी, रात्रीच्या पहाऱ्यासाठी, कुणाची वस्ती कुठे हे ठरवण्यासाठी असते. सुरतेत दोन भिंतींच्या मधल्या पट्ट्यात जी उपनगरे वसली त्यांची नावे आजही सलाबतपुरा, बेगमपुरा, रुस्तमपुरा अशी 'पुरा' लावूनच येतात. नावाच्या शेवटाकडे पाहून जुन्या शहराची रचना वाचता येते. लढाईत हरलेली वेस शहराची घडण करण्यात तीन शतके यशस्वी ठरली. तिचे मोल तिथे आहे, आणि ते मोजायला तोफांचा हिशेब उपयोगी नाही.

हे फक्त मोगल सुरतेपुरते नाही. सुरत जिल्ह्यातच, तापीच्या मुखाजवळच्या किनाऱ्यावर मालवण नावाचे एक स्थळ आहे. आपल्या सिंधुदुर्गातल्या मालवणशी त्याचा संबंध नाही. १९७० मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि केंब्रिज विद्यापीठ यांनी मिळून तिथे उत्खनन केले. त्याचा अहवाल ऑलचिन आणि जगतपती जोशी यांनी लिहिला आणि तो १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. हडप्पा संस्कृतीच्या उतरत्या काळातली, इसवीसनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातली ही वस्ती. तिथे मातीच्या थरांत माणसाने खणलेला एक लांब चर सापडला. असा चर पाणी वाहून नेत असेल, वस्तीची कड आखत असेल, किंवा दोन्ही करत असेल. जुन्या काळी या कामांत आपल्यासारखी वाटणी नव्हती. घोड नदीकाठच्या इनामगावला, पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, हे अगदी स्पष्ट दिसते. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ असे बारा हंगाम तिथे खणणी केली. सांकळिया, ढवळीकर आणि अन्सारी यांच्या या कामातून ताम्रपाषाणयुगातले एक अख्खे खेडे उजेडात आले: इसवीसनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत नांदलेले, शंभराहून अधिक घरांचे. त्या खेड्याने दगडगोटे आणि माती घालून एक बांध घातला होता, त्याच्याशी जोडून पाट काढला होता, आणि वस्तीला तट आणि खंदकही होता. पुराचे पाणी बाहेर ठेवायचे, पाटाचे पाणी शेतात घ्यायचे, आणि आपले कोण नि परके कोण हे एका रेषेने सांगायचे. धान्याचे कोठार आणि गावच्या प्रमुखाचे पाच खोल्यांचे घर शेजारीशेजारी सापडले ते याच खेड्यात. ज्याच्या हाती कोठार त्याच्या हाती बांध, असा अंदाज त्यावरून करता येतो. शेकडो माणसांकडून माती उपसून घ्यायची तर कुणाचे तरी ऐकावे लागते, आणि मजुरीला दाणे कुठून तरी यावे लागतात.

माती बोलते कशी, हे एकदा जवळून पाहायला हवे, नाहीतर ही सगळी पुरातत्त्ववाल्यांची भाविकता वाटेल. बांधाला आडवा छेद घेतला की त्याचे पोट उघडे पडते. अगदी तळाशी एक काळसर, बोटभर जाडीची पट्टी दिसते. ती म्हणजे बांध घालण्याआधीची जमीन, तिच्यावरचे गवत आणि पालापाचोळा कुजून झालेली. तिच्यात परागकण अडकलेले असतात आणि कोळशाचे कण असतात. त्या कणांवरून त्या दिवशी आसपास रान होते की शेत होते, आणि तो दिवस साधारण कोणत्या शतकातला होता, हे कळते. त्या पट्टीच्या वर भराव येतो, पण सलग नाही. आधी वरच्या थराची भुसभुशीत काळी माती पडलेली असते, मग खालचा मुरूम, मग पिवळसर चिकणमाती. शेजारच्या खंदकात जो थर वर होता तो बांधात खाली गेलेला असतो, कारण खणणाऱ्याने आधी तोच काढला. म्हणजे बांध हा खंदकाचा उलटा फोटो असतो. खंदकाच्या तळाशी सुरुवातीच्या पावसाळ्यांत झपाट्याने घसरलेले खडे असतात, त्यावर वर्षानुवर्षे साचलेला बारीक गाळ असतो. मध्येच गाळ कापून नवा तळ दिसला तर समजायचे की कुणीतरी खंदक पुन्हा साफ केला: एखाद्या पिढीला पुन्हा भीती वाटली होती किंवा पुन्हा पाणी हवे होते. दगडी भिंतीत एवढे सगळे क्वचितच मिळते. दगड आपली घडण सांगतो; मातीचा बांध आपल्या आधीचे रान, आपले बांधकाम आणि आपली झीज या तिन्ही गोष्टी एकाच छेदात सांगतो. म्हणून मातीची सीमा ही दगडी सीमेची गरीब बहीण नाही. कागद म्हणून ती अधिक भरलेली आहे.

अडचण एवढीच की हा कागद एका सकाळी फाडता येतो. मध्य प्रदेशात बीना नदीच्या वळणात एरण आहे. तीन बाजूंना नदी, आणि चौथी उघडी बाजू ताम्रपाषाणयुगातल्या लोकांनी मातीचा तट आणि खंदक घालून बंद केली. त्या तटाला तीन हजारांहून अधिक पावसाळे लागले तरी तो ओळखू येण्याइतका उरला. पण एक जेसीबी दोन पाळ्यांत ते काम उरकू शकतो. मातीच्या सीमा किती वेगाने नाहीशा होतात याचे सर्वांत बोलके उदाहरण तर फार जुनेही नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी मिठावरचा कर कुणी चुकवू नये म्हणून सिंधूपासून मध्य हिंदुस्थानापर्यंत जकातीची एक रेषा ओढली होती. कुठे काटेरी कुंपण, कुठे मातीचा बांध आणि चर, आणि ती राखायला बारा हजारांच्या आसपास माणसे. बुऱ्हाणपूरपर्यंत, म्हणजे खानदेशाच्या उंबऱ्यापर्यंत, ती आली होती. १८७९ मध्ये ती सोडून देण्यात आली. शतकाभरात लोक ती इतकी विसरले की रॉय मॉक्सहॅम या इंग्रज लेखकाला तिचा उरलासुरला तुकडा शोधायला कित्येक दौरे करावे लागले. हजारो मैल लांबीची, सरकारी कागदोपत्री पक्की असलेली रेषा जर अशी पुसली गेली, तर कुठल्याच कागदावर नसलेल्या खेड्याच्या खंदकाची काय कथा.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. १९५८ चा प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे यांचा केंद्रीय अधिनियम शंभर वर्षे जुन्या वास्तूंना, दफनाच्या ढिगांना, लेण्यांना, शिलालेखांना स्मारक मानतो, आणि ज्या जमिनीत अवशेष असल्याचे मानायला सबळ कारण आहे तिलाही पुरातत्त्वीय स्थळ ठरवतो. २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित जागेभोवती शंभर मीटर बांधकामबंदी आणि पुढे दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र आले. मग मातीच्या सीमेसाठी वेगळे काय मागायचे, असे कुणी विचारेल. मागायचे ते हे की ही सगळी रचना ठिपक्यासाठी केलेली आहे. देऊळ हा नकाशावर ठिपका असतो, त्याच्याभोवती वर्तुळ काढता येते. बांध ही रेषा असते. ती दहा जणांच्या शेतांतून जाते, मध्ये रस्ता ओलांडते, कुठे फूटभर उंच असते तर कुठे फक्त हिरव्या पिकातला एक वेगळा पट्टा म्हणून उरते. भरलेल्या खंदकावर ओल टिकते, म्हणून तिथले पीक उशिरा सुकते. अशा रेषेची सातबाऱ्यावर फार तर पोटखराबा म्हणून नोंद होते, आणि पोटखराबा म्हटले की तो लागवडीखाली आणणे हे शेतकऱ्याचे शहाणपण ठरते. दोष त्याचा नाही. 'इथे काय आहे' हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

इंग्लंडमध्ये १८८२ चा प्राचीन स्मारकांचा पहिला कायदा झाला तेव्हा त्याच्या यादीत एव्हबरीच्या दगडांच्या आधी एव्हबरीचा मातीचा कोट लिहिलेला होता. पहिला निरीक्षक नेमला तो जनरल पिट रिव्हर्स, ज्याने पुढे डॉर्सेटच्या कडेवरचा बोकर्ली डाइक हा लांब बांध छेद घेऊन तपासला. पण नुसते यादीत नाव घालून भागत नाही, हेही तिथलाच अनुभव सांगतो. वेल्सच्या सरहद्दीवरचा ऑफाज डाइक हा आठव्या शतकातला बांध. २०१३ मध्ये त्याचा एक तुकडा जमीनमालकाने सपाट केला, आणि तो संरक्षित असल्याचे माहीत नव्हते या मुद्द्यावर खटला उभा राहू शकला नाही. त्यानंतर २०१६ मध्ये वेल्सला 'मला ठाऊक नव्हते' ही पळवाट आवळणारा कायदा करावा लागला. यातून आपल्यासाठी निघतो तो धडा दंडाचा नसून नोंदीचा आहे. जमीन ज्याच्या नावावर आहे त्याच्या उताऱ्यावरच ती रेषा लिहिलेली हवी, म्हणजे विकताना, वाटणी करताना, कर्ज काढताना ती समोर येईल.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र वेगळाच आहे, आणि तो विचारणाऱ्याला मराठीत फार मोठा अधिकार आहे. 'गावकुसाबाहेर' या एका शब्दात आपल्या समाजाची शेकडो वर्षांची क्रूरता साठलेली आहे. गावकूस म्हणजे गावाचा मातीचा किंवा दगडमातीचा कोट, आणि त्याच्या बाहेर कुणाला ठेवायचे हे जातीने ठरत होते. मग ज्या भिंतीने माणसांना माणूस म्हणून आत येऊ दिले नाही तिला आपण वारसा म्हणून का जपायचे? ती सपाट होणे हाच न्याय नाही का? या प्रश्नाला तडकाफडकी उत्तर देणे बरोबर नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. एक म्हणजे भिंत सपाट केल्याने वस्ती आत येत नाही. हे आपल्या हजारो गावांनी सिद्ध केले आहे. कोट कधीच ढासळला तरी कुणाची आळी कुठे, हे गावाच्या नकाशावर अजून जसेच्या तसे वाचता येते. भिंत पुसली तर पुरावा पुसला जातो, रेषा नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. दोन गावांत शिवेचा तंटा पडला की निवाड्यात महार वतनदाराची साक्ष मोलाची मानली जाई. शीव कुठून जाते, कोणत्या धोंड्यापाशी वळते, कोणत्या ओढ्याने जाते, हे ज्याला ठाऊक तोच तो. ज्याला वेशीच्या आत जागा नव्हती त्याच्याच स्मरणात गावाची सीमा होती. हे ज्ञान कुणाचे होते आणि त्याचे श्रेय कुणाला कधीच मिळाले नाही, हे सांगायचे असेल तर त्या रेषा जागेवर असाव्या लागतात. मी तर म्हणेन की गावकूस जपण्याचा सर्वांत भक्कम आधार हाच आहे. त्या मातीचा अभिमान धरावा म्हणून ती जपायची नाही; तिची साक्ष काढता यावी म्हणून जपायची.

आणि हा प्रश्न फक्त जुन्या खेड्यांचा नाही. सुरतेत आज लाखोंनी मराठी बोलणारी माणसे राहतात. धुळे, नंदुरबार, जळगावहून, तापीच्या खोऱ्यातल्या रेल्वेने, साधारण त्याच दिशेने आलेली ज्या दिशेला एकेकाळी बुऱ्हाणपूर दरवाजा होता. कापडाच्या बाजारात, लूमवर, डाइंगमध्ये त्यांनी हे शहर उभे केले. त्यांच्या मोठ्या वस्त्या कुठे आहेत? उधना, लिंबायत, डिंडोली. सगळ्या आलमपनाहच्या रेषेपलीकडे. शहराची सगळीच नवी वाढ त्या रेषेबाहेर झाली, म्हणून यात कुणाचा कट शोधायला नको. पण २०११ च्या जनगणनेत सुमारे ४५ लाखांपर्यंत गेलेल्या या शहरात आतला आणि बाहेरचा हा फरक जागेच्या भावात, पाण्याच्या वेळापत्रकात, रस्त्याच्या रुंदीत आजही जाणवतो. ज्यांना तो बदलायचा आहे त्यांना तो कुठून सुरू झाला हे दाखवता यायला हवे, आणि त्यासाठी भिंतीचा मार्ग माहीत असावा लागतो.

आता जागेचा प्रश्न उरतो. सुरतेसारख्या शहरात इंचाइंचाला भाव आहे. खानदेशातल्या शेतकऱ्याकडे दोन-तीन एकर असतात. त्यांना मातीच्या ढिगासाठी जमीन सोडा असे सांगणारा माणूस आधी त्यांच्या घरी जाऊन हिशेब पाहून येवो. इथेच रेषा आणि वास्तू यांतला फरक उपयोगी पडतो. वास्तू जपायची तर ती जागा मोकळी ठेवावी लागते. रेषा जपायला बहुतेक वेळा तेवढी गरज नसते. शेतातला जुना बांध नांगराखाली न घेता बांध म्हणूनच वापरला, त्यावर गवत आणि झाडे ठेवली, तर शेतकऱ्याचे काही जात नाही, उलट माती वाहून जाणे थांबते. शहरात भिंत पुन्हा उभी करायची नाही; सुरतेत खोटी कमान बांधून तिला आलमपनाह म्हणणे हा तर पुराव्याचा खूनच ठरेल. पदपथावर वेगळ्या रंगाची फरशी बसवून तिचा मार्ग दाखवता येतो, आणि प्रत्येक दरवाज्याच्या जागी तिथे नेमके काय होते याची पाटी लावता येते. हे काम महापालिकेला एका रस्त्याच्या डागडुजीइतकेही महाग पडणार नाही.

आणि काही कामे तर आत्ताच करायची आहेत. सुरतेत मेट्रोचा भुयारी टप्पा रेल्वे स्टेशनाच्या बाजूने जुन्या शहराखालून चौकबाजारापर्यंत आखला आहे, म्हणजे तो भिंतींच्या मागाला कुठे ना कुठे छेदून जाणारच. रस्त्यात जलवाहिनी टाकतानाही तेच घडते, गटार दुरुस्त करतानाही. प्रत्येक वेळी खड्ड्याच्या कडेला दोन-तीन मीटर खोल छेद उघडा पडतो. त्यात विटांचा थर असतो, त्याखाली कदाचित १६६६ मध्ये तेवनोने पाहिलेली ढासळलेली माती असते, आणि तिच्याखाली ती बोटभर काळी पट्टी, भिंत येण्याआधीची जमीन. तो छेद फार तर दोन दिवस उघडा राहतो. मग लोखंडी जाळी येते, मिक्सर येतो आणि काँक्रीट ओतले जाते. त्या दोन दिवसांत एक माणूस फूटपट्टी लावून, फोटो काढून, थरांचे चित्र कागदावर उतरवून घ्यायला तिथे असला पाहिजे, आणि त्याला तिथे उभे राहण्याचा हक्क कंत्राटदाराच्या निविदेतच लिहिलेला असला पाहिजे.